आधी महिना ठरवा, मग गाव

साताऱ्यात किंवा सांगलीत नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना सुट्टीचं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. सलग तीन-चार दिवस मिळाले तर गोवा, एकच दिवस मिळाला तर महाबळेश्वर, आणि काहीच जमलं नाही तर दिवसभर झोप. मला याचं खरोखर वाईट वाटतं. कारण आपण राहतो त्या दोन जिल्ह्यांत बाराही महिने कुठं ना कुठं काहीतरी फुलत, पिकत, भरत असतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीतही तेच. पश्चिमेला शिराळ्याकडं चांदोलीचं जंगल, पूर्वेला जतचं माळरान. पाऊस इतका वेगळा म्हणून पिकं वेगळी, जेवण वेगळं, जत्रांचे दिवस वेगळे. तेव्हा सुट्टी आखताना 'कुठं जायचं' हा प्रश्न पहिल्यांदा घेऊ नका. कोणत्या महिन्यात रजा टाकायची ते आधी ठरवा. गाव आणि ताट त्या महिन्यावरूनच ठरतं.

पहिलं काम: रजा मोजा

आपल्या हक्काच्या रजा किती, हेच अनेकांना माहीत नसतं. खासगी ऑफिस, शोरूम, सॉफ्टवेअर कंपनी अशा ठिकाणी वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यानुसार वर्षाला ८ किरकोळ रजा, म्हणजे आपण सीएल म्हणतो त्या, पगारी मिळतात. त्या तिमाहीप्रमाणं खात्यावर पडतात आणि वर्षअखेरीला उरल्या तर बुडतात. शिवाय सणांच्या ८ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. वर्षात २४० दिवस काम भरलं तर दर २० दिवसांमागं एक अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा. एमआयडीसीतल्या कित्येक कारखान्यांत सुट्टी रविवारी नसून आठवड्याच्या मधल्या वारी असते. तिथली मुलं त्याबद्दल कुरकुर करतात, पण आपल्या भागात फिरायला मधला वारच सगळ्यात चांगला, हे पुढं कळेलच.

आता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कालनिर्णय समोर घ्या आणि शिसपेन्सिलीनं खुणा करा. त्या चार वाटाघाटीच्या सुट्ट्या कोणत्या, ते ऑफिसात स्पष्ट विचारून घ्या. सीएलपैकी तीन-चार आजारपण आणि घरच्या कार्यांसाठी बाजूला काढा. उरलेल्या चार-पाच स्वतःच्या. त्या शनिवार-रविवारला चिकटवायचा मोह आवरा. लाँग वीकएंडला पुण्या-मुंबईच्या गाड्या खंबाटकी आणि पसरणी घाटात एकामागं एक उभ्या असतात. स्थानिक माणसानं त्या गर्दीत भर घालण्यात काहीच अर्थ नाही. आपल्याकडं घर जवळ असण्याची सोय आहे, ती मंगळवारी-बुधवारी वापरा. अर्धी रजाही टाकू नका. अर्ध्या दिवसात ना ऑफिसचं काम नीट होतं ना फिरणं.

अर्ज महिनाभर आधी द्या आणि त्यात आपलं काम त्या दिवशी कोण बघणार ते नावानिशी लिहा. मार्चअखेर बँक, पतसंस्था, अकाउंट्स यांच्यापैकी कुठंही असाल तर रजा मागायचीच नाही.

पावसाळा साताऱ्याचा

जून-जुलैत पाऊस नवा असतो तेव्हा सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी एका दिवसात होतात. एकाच रस्त्यावर आहेत. गडावर समर्थांची समाधी आहे, दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं. ठोसेघरचा धबधबा वनखात्यानं बांधलेल्या गॅलरीतूनच बघा. कठड्यापलीकडं जाणाऱ्यांबद्दल मला कसलीही सहानुभूती वाटत नाही. त्यांना काढायला जाणारी ट्रेकर मंडळी आपल्याच गावची पोरं असतात.

याच दिवसांत सांगलीला जायचं असेल तर निघण्याआधी एक आकडा बघायचा: आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कोयनेतून विसर्ग वाढला की हा आकडा चढू लागतो. १०५ टीएमसीचं धरण साताऱ्यात आणि पाणी सांगलीच्या दारात, असा हा संबंध आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावं लागत नाही. बाहेरगावाहून बदलून आलेल्यांनी मात्र खोली भाड्यानं घेतानाच शेजाऱ्यांना विचारावं, की २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. घरमालकाला नको, शेजाऱ्यांना.

कासबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त चुका होतात. पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत कास आहे. हंगाम साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पण सगळी फुलं एकदम फुलत नाहीत. पांढरा चवर आधी, जुलै-ऑगस्टकडं. मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा रंग, सप्टेंबरात. पिवळी सोनकी शेवटाकडं. फोटोत दिसतात तसे गालिचे हवे असतील तर सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, आणि त्याआधी पाऊस सलग कोसळला असेल तर आणखी चार दिवस थांबा. ऊन पडल्याशिवाय फुलं उघडत नाहीत.

तारीख ठरली की हंगामातल्या प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन करून टाका. रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा असते. मधला वार घ्या, सकाळी लवकर पोचा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वाऱ्यात छत्री टिकत नाही. पायात तळाला खाचा असलेले बूट. आणि पायवाट सोडू नका. हे मी कळकळीनं सांगतो. त्या पठारावर जांभ्या दगडावर मातीचा थर काही इंचांचाच आहे. एक पाऊल दाबलं गेलं की तिथलं बी, कंद, सगळं चिरडतं. फुलात बसून फोटो काढणाऱ्याला टोकायला लाजू नका. पायवाटेवरूनच खाली वाकून पाहिलंत तर कीटक खाणारी दवबिंदू वनस्पती दिसेल, आणि नशीब असेल तर कंदीलपुष्पही. गाडीतून उतरून दहा मिनिटांत परत फिरणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही. जवळच्या कास तलावाचं पाणी साताऱ्याच्या नळाला येतं. तिथं टाकलेली बाटली आपल्याच पिण्याच्या पाण्यात पडते.

गणपतीत रजा घ्यायचीच तर ऋषिपंचमीला घ्या आणि तासगावला जा. पटवर्धनांच्या गणपतीचा रथ त्या दिवशी माणसं दोरांनी ओढतात. डॉल्बीपुढं छाती धडधडत उभं राहण्यापेक्षा तो उत्सव मला कितीतरी मोलाचा वाटतो.

दिवाळीच्या मागं-पुढं

ऑक्टोबरात एक रजा औंधसाठी ठेवा. अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास तिथं शास्त्रीय संगीताचा उत्सव होतो. पंडित अंतुबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो १९४० मध्ये सुरू केला. गाणं कळत नसेल तरी जा. मोठे गायक इतक्या जवळ बसून, इतक्या लहान गावात ऐकायला मिळतात. सकाळी यमाईचं दर्शन, मग औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं भवानी संग्रहालय. ते उघडं असल्याची खात्री आधी करून घ्या. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं बघायला आपल्याला बडोद्याला जावं लागत नाही, हे साताऱ्यातल्याच किती जणांना माहीत असेल?

वासोट्याला पावसाळ्यात बंदी असते, तो संपल्यावर जाता येतं. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीनं जायचं. बोट पूर्ण भाड्यानं घ्यावी लागते, म्हणून आठ-दहा जणांची टोळी जमवा. ओळखपत्र, वनखात्याची परवानगी, दुपारचा डबा आणि पुरेसं पाणी बरोबर हवं. हे कोयना अभयारण्य आहे, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. मुक्काम करता येत नाही आणि संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं. सकाळी आठच्या आत बामणोलीत नसाल तर त्या दिवशीचा बेत रद्द करा. धावतपळत चढून वर बसायला वेळच मिळत नाही.

५ नोव्हेंबर मात्र सांगलीचा. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या पटवर्धन सरकारांपुढं 'सीतास्वयंवर' सादर केलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. भाव्यांच्या नावाचं गौरवपदक सांगलीत याच दिवशी दिलं जातं. कार्यक्रम संध्याकाळी असतो, त्यामुळं साताऱ्याच्या माणसानं त्या रात्री सांगलीतच राहावं आणि ६ तारखेची रजा टाकावी. सकाळी गणपती मंदिर, मग कृष्णेचा घाट आणि आयर्विन पूल. हा पूल १९२९ चा. दुपारी रिक्षानं हरिपूरला जा. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि या गावात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी रीत. मिरज तिथून जवळच. सतारमेकरांच्या गल्लीत शिरलात तर भोपळा वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं काम बघायला मिळतं. कारागीर सांगतातही, फक्त त्यांची कामाची वेळ खाऊ नका. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

प्रवासाचं काय?

पुणे-मिरज लोहमार्गानं दोन्ही जिल्हे जोडलेले आहेत. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज. सातारा स्टेशन गावापासून दूर, माहुलीकडं आहे. घरून निघताना तो वेळ धरा. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. सलग चार किंवा सात दिवस मिळाले तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्या आणि डेपोतच विचारून मार्ग आखा. मोटारसायकलचं आकर्षण मला कळतं, पण हायवेवर रात्री परतू नका. ऊसतोडीच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात.

खर्चासाठी बँकेत एक वर्षाचं आवर्ती ठेव खातं काढा. दर महिन्याला झेपेल तेवढेच टाका.

मित्राला निम्म्या वाटेवर बोलवा

एक जण साताऱ्यात, दुसरा सांगलीत असं कॉलेजच्या दोस्तांचं होऊन जातं. दर वेळी एकानंच दुसऱ्याकडं जाण्यापेक्षा दोघांनी निम्मा प्रवास करावा. वाटेतलं स्टेशन ताकारी. तिथून सागरेश्वर अभयारण्य जवळ आहे. उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं हे जंगल, १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं. आज त्यात सांबर आणि चितळ फिरतात. पायथ्याला सागरेश्वराच्या देवळांचा समूह. बाजूचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. सकाळी भेटून, चालून, दुपारी डबे सोडून संध्याकाळच्या गाडीनं दोघं आपापल्या घरी.

हा बेत डिसेंबर-जानेवारीचा, थंडीतला. संक्रांतीला जमवलंत तर आणखी पुढं भिलवडी स्टेशनाला उतरून औदुंबरला जा. तिथं दत्ताच्या देवळाजवळ, कृष्णाकाठी, १९३९ पासून दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. मांडव, मान्यवर आणि गर्दी या तिन्हींपेक्षा तिथं नदी जास्त लक्षात राहते.

थंडीत काय खायचं, काय आणायचं

पौषात माण, खटाव, आटपाडी, जतकडं शाळवाचा हुरडा येतो. हुरडा पार्टीच्या जाहिराती बघून पैसे भरण्याआधी ऑफिसात विचारा. शिपायापासून साहेबांपर्यंत कोणाचं तरी रान तिकडं असतंच. आगटीतून काढलेली कणसं गरम असतानाच चोळायची. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि ज्या घरी जाल तिथल्या बाईमाणसांना त्या दिवशी स्वयंपाकाला लावू नका, एवढं पथ्य पाळा.

कोरेगावचा वाघ्या घेवडा नवा आला की वर्षाचा भरून ठेवा. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. रात्री भिजवून, सकाळी कुकरला लावून, कांदा-लसूण मसाला घातला की डब्याचं कालवण तयार. फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीहून हळद आणावी, आणि मार्च-एप्रिलमध्ये तासगावकडचा नवा बेदाणा. बेदाण्याचं शेड एकदा आत जाऊन बघाच. जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं पसरलेली असतात आणि पंधरा दिवसांच्या आसपास सुकून बेदाणा होतो. वरून चकचकीत, एकसारखा हिरवा दिसणारा माल घेण्याची घाई करू नका, चाखून घ्या. साताऱ्याचे कंदी पेढे बारमाही मिळतात. खवा खरपूस भाजलेला आणि साखर बेताची, ही त्यांची ओळख. पांढरा, गोडमिट्ट पेढा कंदी म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

रोजचा डबा

रजा वर्षातून चार-पाच, पण डबा रोजचा. एकटं राहणारी मुलं महिनाभर वडापाव आणि ऑनलाइन बिर्याणीवर काढतात आणि मग अंगात जोर नाही म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या भागात ज्वारी पिकते आणि भाकरी भाजली जाते तिथं राहून मैदा खाणं म्हणजे स्वतःचं नुकसान. भाकरी थापता येत नसेल तर शेजारच्या पोळी-भाजी केंद्रात भाकरीही मिळते. कालवण तेवढं स्वतः करा.

सुरुवात अख्ख्या मसुरीपासून करा. कराडच्या पुढं, वाळवा तालुक्यातल्या ढाब्यांनी तिला नाव मिळवून दिलं. मसूर दोन तास भिजवा. कुकरमध्ये न ठेवता पातेल्यात शिजवा, म्हणजे दाणा मऊ होतो पण फुटत नाही. दुसरीकडं तेलात बारीक कांदा तांबूस होईपर्यंत परता, आलं-लसूण, टोमॅटो, मग कांदा-लसूण मसाला. तेल सुटलं की मसूर शिजलेल्या पाण्यासकट घाला आणि मंद आचेवर दाट होऊ द्या. वरून कच्चा कांदा आणि लिंबू. रात्री केलेली मसूर सकाळी जास्त चांगली लागते, म्हणून डब्याला हिच्यासारखं काही नाही.

चार वाजता जी भूक लागते तिच्यासाठी सांगलीचं भडंग घरी करून ठेवा. चुरमुरे भडंगाचेच मागा. ते नेहमीच्या भेळेच्या चुरमुऱ्यांपेक्षा जाड आणि टपोरे असतात. तासभर कडक उन्हात ठेवा. पातेल्यात तेल तापवून आधी शेंगदाणे तळून काढा. त्याच तेलात सालासकट ठेचलेला लसूण घाला आणि तो पुरता कुरकुरीत होईपर्यंत थांबा. घाई केली तर लसणातलं पाणी चुरमुऱ्यांना लागतं आणि दोन दिवसांत सगळं सादळतं. मग कढीपत्ता. गॅस बंद करून हळद आणि लाल तिखट. गॅस चालू असताना तिखट टाकलं तर जळतं. चुरमुरे, मीठ, थोडी पिठीसाखर आणि शेंगदाणे घालून सगळ्याला तिखट लागेपर्यंत हलवा. मेतकूट आवडत असेल तर एक चमचा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कांदा-कोथिंबीर खाताना घालायची.

उन्हाळा

रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड असतं. गर्दी प्रचंड, उन्हाचा तडाखा मोठा. सकाळी लवकर जाऊन उंचवट्यावरची जागा धरा आणि गाडी दूर लावा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. सहकाऱ्यानं गावच्या जत्रेला बोलावलं तर रजा टाकून जा. तिथलं जेवण, मग ते मटणाचं असो वा पुरणाचं, घरच्यासारखं वाढलं जातं आणि वर्षभर शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचं घर, आई-वडील, रान आपल्याला पहिल्यांदा दिसतं.

मे महिन्यात डोंगरावर जायचंच असेल तर पाचगणीच्या पॉइंटांऐवजी भिलारला जा. ४ मे २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. कुणाच्या ओसरीवर कादंबऱ्या, कुणाच्या माडीवर चरित्रं, अशी घराघरांत विषयवार कपाटं. बसून वाचायला कोणी पैसे मागत नाही. आई-वडिलांना बरोबर न्या. चढ-उतार नाही, सावली आहे, चहा मिळतो. एकच घर निवडून दुपारपर्यंत बसा, सगळी घरं पालथी घालू नका. यजमानांच्या दुपारच्या झोपेची वेळ झाली की उठा, आणि पुस्तक जिथून काढलं त्याच खणात परत ठेवा.